अर्थशास्त्रवाल्यांशी बोलणी

२ फेब्रुवारी, सकाळी

आजपासून रोजनिशी. मला लिहिता-वाचता येत नाही, पण त्यावाचून आजवर कुणाचं काही अडलेलं नाही. नातीने फोनवर एक हिरवा टिपका दाखवलाय. तो दाबायचा आणि बोलायचं. फोन लिहून घेतो, तारीखही स्वतःच टाकतो. मध्ये बोलत नाही. या घरात असा हा एकटाच.

नातीला मी गुंडी म्हणते. लहानपणी एवढीशी, गोल, आणि सदा कुठेतरी हरवलेली. आता कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि माझ्याशी बोलताना मान खाली घालते, लाजून नव्हे, उंचीमुळे. तिला पुढे अर्थशास्त्रात एम.ए. करायचंय. त्यासाठी म्हणे आधी अर्ज, सोबत फोटो, मग चार लोकांनी तिच्याबद्दल बरं बोलायचं, मग परीक्षा, मग मुलाखत, आणि मग त्यांनी पसंत करायचं किंवा नाही.

मला हसूच आलं. म्हणजे स्थळच की! जन्मभर मी लग्नं जुळवली. पलीकडच्या गल्लीपासून नदीपारपर्यंत माझ्या हातची जोडपी नांदतायत. हल्ली लोक फोनवरच एकमेकांना शोधतात, म्हणून मी जरा विश्रांती घेतेय इतकंच.

निश्चय: मध्ये पडायचं नाही. फक्त सगळं आपल्या हातात ठेवायचं.

५ फेब्रुवारी

गुंडीला एकच ठिकाण हवंय. मोठं विद्यापीठ, बसने एक अख्खी रात्र. एकाच स्थळावर डोळा ठेवून बसणं हे नवशिक्याचं लक्षण. मी म्हटलं, चौकापलीकडच्या कॉलेजातही अर्थशास्त्र आहे, आपल्या जिन्यातून दिसतं. म्हणाली, आजी, दिसतं म्हणून कुणी तिथे शिकायला जात नाही. मी म्हटलं, जेवण गरम मिळेल. सूनबाई पदर नसल्यामुळे तोंडावर ओढणी धरून हसली.

चिरंजीवांनी वर्तमानपत्र उघडलं. लिफ्ट दुरुस्तीचं काम करतात. दिवसभर लोकांना वर-खाली करून आल्यावर त्यांना कुठलीच बाजू घ्यायची नसते.

एक स्पष्ट करून ठेवते. गुंडीच्या लांब जाण्याचं मला काहीही वाटत नाही. मी तसली म्हातारी नव्हे. रात्रीच्या बसमध्ये पाय आखडतात. तिचे. म्हणून म्हटलं.

शेवटी माझ्या शब्दाखातर तिने चौकापलीकडचाही फॉर्म भरला. तिथे म्हणे जो जाईल त्याला घेतात. मनमिळाऊ कॉलेज.

९ फेब्रुवारी

फॉर्मवर दोन फोन नंबर लागतात. पहिला गुंडीचा, दुसरा माझा घातला. म्हणजे मुख्य माझाच.

१४ फेब्रुवारी, दुपारी

गुंडीने आज अर्थशास्त्र समजावलं. म्हणाली, एखादी गोष्ट निवडली की तिच्यापायी जी सोडावी लागते ती तिची खरी किंमत. मी म्हटलं, हे मला माहीतच होतं. नव्हतं. म्हणजे होतं, पण असं कुणी समोर मांडलं नव्हतं.

मी लगेच वापरलं. म्हटलं, मग तिथे गेलीस तर सोडशील काय, ते सांग बघू. वहीत रेघा ओढायला लागली. मला वाटलं, जिंकले. वही मिटून म्हणाली, तोच हिशोब लागत नाहीये गं.

मी विषय बदलला. अर्थशास्त्र फार वेळ चांगलं नाही.

२० फेब्रुवारी

शिक्षकांनी तिच्याबद्दल पत्रं लिहायची आहेत. गुंडी म्हणाली, सर लिहितील. लिहितील म्हणजे काय? आमच्या धंद्यात शिफारस करणाऱ्याला आधी गाठून ठेवावं लागतं. मी गाठलं.

सर भला माणूस. खोली छोटी, टेबलावर उत्तरपत्रिकांचे ढीग, टेबलाखाली सरांनी चपला काढून ठेवलेल्या. मी त्यांना खुबी सांगितली. नुसती स्तुती केलीत तर समोरच्याला संशय येतो. चार गुणांत एक बारका दोष टाकायचा, की मग गुणही खरे वाटतात. सरांनी विचारलं, आजी, तुम्हीच सुचवा एखादा. मी सुचवले. ओला टॉवेल पलंगावर टाकते. चहाचे कप खोलीत साठवते. चूक दाखवली की आधी भांडते आणि दुसऱ्या दिवशी मान्य करते, तेही दुसऱ्यालाच सांगते, ज्याने दाखवली त्याला नाही. सर लिहून घेत होते. सरांना पटलं.

२१ फेब्रुवारी

गुंडी लालबुंद होऊन घरी आली. सरांनी वर्गाबाहेर बोलावून विचारलं म्हणे, घरी सगळं बरं आहे ना? किती काळजी करतात. मी म्हटलं होतंच, भला माणूस.

गुंडीने वचन घेतलं की यापुढे मी तिच्या कॉलेजात पाऊल टाकणार नाही. दिलं. तसंही तिथले जिने मला आवडले नव्हते.

३ मार्च

फॉर्मबरोबर स्वतःबद्दल एक निबंध द्यायचा असतो, मला हे शिकायचंय ते का म्हणून. आज गुंडीने वाचून दाखवला. मी मटार सोलत ऐकला.

सगळा माझ्यावर! माझी आजी लग्नं जुळवायची, असाच सुरू होतो. कुणाच्या घरात काय आहे हे फक्त तिला ठाऊक, म्हणून दोन्हीकडचे लोक तिच्याकडे यायचे. पुढे ज्याला त्याला फोनवर सगळं दिसायला लागलं. मग अशा मधल्या माणसांचं काय होतं, त्यांच्याबरोबर काय जातं आणि काय जायलाच हवं होतं, हे तिला शिकायचंय.

मी म्हटलं, जुळवायची काय? जुळवते म्हण. मी समोर बसलेय. म्हणाली, आजी, शेवटचं लग्न कधी जुळवलंस? मी म्हटलं, विश्रांती घेतेय. म्हणाली, किती वर्षं? मी मटार मोजायला घेतले.

आणि हे, काय जायलाच हवं होतं, हे वाक्य काढ म्हटलं. काढलं नाही. तरीपण खाली शिंपिणीला सांगितलं, की अर्थशास्त्रवाले आता माझ्यावर विचार करणार आहेत. खालच्या मजल्यावर तिचं दुकान. तिच्या तोंडात कायम टाचण्या, त्यामुळे ती फक्त हं म्हणते. फार समजूतदार बाई.

२३ मार्च

परीक्षा झाली. विचारलं, कशी गेली? म्हणाली, बरी.

बरी म्हणजे उत्तम. मुलाकडचे बरी आहे म्हणाले की मी हॉल बघायला सांगायचे.

१८ एप्रिल

परीक्षेत पास झाली. मुलाखतीला बोलावलंय. कॉम्प्युटरवरच, घरबसल्या. म्हणजे बघायला येणार पण चहा प्यायचे नाहीत.

तयारी मी करून घेणार. आज पहिला धडा दिला. विचारतील त्याला लगेच उत्तर द्यायचं नाही. आधी जरा खिडकीबाहेर बघायचं. फार गरज आहे असं दाखवायचं नाही. गुंडी म्हणाली, आजी, मला गरज आहे. मी म्हटलं, म्हणूनच.

२४ एप्रिल, संध्याकाळी

मुलाखत झाली. माझ्या मते फार छान.

ठरल्याप्रमाणे मी स्वयंपाकघरात होते. पण गुंडीचा घसा बसल्यासारखा वाटला म्हणून पाणी घेऊन गेले. पडद्यावर तिघं. एक टकलू, एक बॉबकटवाल्या बाई, आणि एकाचं नुसतं कपाळ. मुलीकडच्यांनी चार प्रश्न विचारले नाहीत तर समोरचे हलकं लेखतात. म्हणून मी विचारलं. मुलींचं हॉस्टेल कसं आहे? गच्चीला कठडा आहे का? मोठे सर तापट आहेत का? त्यावर टकलू हसला आणि कपाळाला आठी पडली. म्हणजे कपाळच मोठे सर.

बॉबकटवाल्या बाई मात्र मोकळ्या. म्हणाल्या, त्या निबंधातल्या आजी तुम्हीच का? मग विचारलं, दोन्हीकडचे लोक थापा मारत असतील तर तुम्हाला कळायचं कसं? मी एका मुलाचं उदाहरण घेऊन सांगायला लागले. ते कळायला त्या मुलाच्या मामाचं सांगावं लागलं, आणि मामाचं सांगायचं तर त्याच्या गॅरेजचं. गॅरेजपर्यंत आले तेवढ्यात वेळ संपली.

उत्तर राहिलं. पण ते ऐकायला त्यांना पुन्हा यावंच लागेल. ही पण एक खुबी आहे.

गुंडीने कॉम्प्युटर मिटला. बरणीचं झाकण लावतात तसा. जेवायला बसली नाही. थकली असेल.

२५ एप्रिल

सूनबाई म्हणाली, आई, तिला तिथे बोलायचं होतं, त्यासाठी ती महिनाभर आरशासमोर बोलत होती. मी म्हटलं, मग मी काय केलं? मी मदतच केली. सूनबाई म्हणाली, तेच म्हणतेय मी.

काय तेच, ते सांगितलं नाही. दातांच्या दवाखान्यात काउंटरला बसते. तिथे लोकांना फार न दुखवता बोलायची सवय लागलीय.

६ मे

उत्तर नाही. गुंडी दर घटकेला फोन बघते. मी सांगितलं, बघून गेलेल्यांच्या मागे लागायचं नसतं. म्हणाली, आजी, नाही म्हणाले तर? मी म्हटलं, तर चौकापलीकडचं आहेच. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी उगाच डोळ्यांत गेलेलं काहीतरी काढत बसले.

नाही म्हणणार नाहीत. म्हणाले तरी काही बिघडत नाही. मला दोन्ही सारखंच. मला कशाला फरक पडतोय?

१२ मे, सोमवार, दुपारी

फोन आला! माझ्या नंबरावर!

गुंडी शेवटच्या पेपरला गेलेली, तिचा फोन बंद. ऑफिसातली बाई होती. म्हणाली, अभिनंदन, तुमच्या नातीला जागा मिळालीय. येणार की नाही ते शुक्रवारपर्यंत कळवा, नाहीतर जागा वेटिंग लिस्टमधल्या पुढच्याला जाईल. ईमेलही पाठवलाय म्हणाली. पाठवू दे. समोरासमोर बोलणं झाल्यावर चिठ्ठीला कोण विचारतं?

जन्मात मी पहिल्या दिवशी होकार दिलेला नाही. पहिल्या दिवशी हो म्हटलं की मुलगी स्वस्त होते. म्हणून शांतपणे सांगितलं, विचार करून कळवतो, आमच्याकडे आणखी दोन ठिकाणांहून विचारणा आहे. बाई म्हणाली, बरं. आवाज पडला तिचा. घाबरली.

आता दोन दिवसांत त्यांचा पुन्हा फोन येईल. स्कॉलरशिप वाढवतील. हॉस्टेलची खिडकीजवळची खाट देतील. सगळं पक्कं झालं की गुंडीला सांगायचं. तोवर नाही. एवढ्याएवढ्यावरून हुरळते ती.

१३ मे

फोन नाही. आपसांत विचार करत असतील.

गुंडी आज गाणं गुणगुणत होती. पेपर संपले म्हणून.

१४ मे

फोन नाही. मी फोन पदराला बांधल्यासारखा घेऊन फिरतेय. आंघोळीला जातानाही सूनबाईकडे दिला नाही. दाराबाहेर स्टुलावर ठेवला.

गुंडीने कपाट आवरायला काढलं. जुने कपडे बाजूला केले, पुस्तकं पुसून खोक्यात भरली, बाजारातून एक मोठी बॅग आणली. मी विचारलं, हे काय? म्हणाली, आवरतेय. मनातून उतरलं वाटतं ते लांबचं विद्यापीठ. पोरीचं मन रमतंय घरात. मला बरं वाटलं. म्हणजे तिच्यासाठी.

मध्येच येऊन माझ्याजवळ बसली. म्हणाली, आजी, काही सांगायचंय का तुला? मी म्हटलं, हो, बॅग फार मोठी आणलीस. उठली आणि बॅग उघडी ठेवून गेली.

१५ मे, गुरुवार

फोन नाही. माणसं तुसडी आहेत. अशांकडे मुलगी द्यावी का, हाही प्रश्नच आहे.

नाही मिळालं तर नाही. तिथलं पाणीही म्हणे जड आहे. कुणी सांगितलं आठवत नाही.

१५ मे, पुन्हा

एक गोष्ट बोलून ठेवते. मी हे गुंडीच्याच भल्यासाठी करतेय. बोलले. लिहिलंस ना रे फोना?

१६ मे, शुक्रवार

सकाळी शिंपिणीकडे गेले. सहज. सगळं तिच्या कानावर घातलं. ती हं म्हणेल असं वाटलं. तिने एक-एक करून टाचण्या तोंडातून काढल्या, उशीला टोचल्या आणि म्हणाली, काकू, आज शुक्रवार आहे.

मी म्हटलं, माहीत आहे. म्हणाली, अहो, ते मुलाकडचे नव्हेत. त्यांच्या दारात पोरांची रांग लागलेली असते. ते कशाला वळून बघतील? मी म्हटलं, एक दिवस जरा दम धरला असता त्यांनी. म्हणाली, त्यांना मुलगी नकोय काकू, मुलीला ते हवेत. आणि तुम्हाला मुलगी हवीय.

टाचण्या असतात तेच बरं.

तिच्याकडूनच सोमवारचा नंबर शोधून लावला. लागेना. लागला तर उचलेनात. उचलला तर गाणं वाजत राहिलं. मी ते दोनदा अख्खं ऐकलं. एकदाची ती ऑफिसातली बाई आली. मी नाव नाही, गाव नाही, एकदम म्हटलं, हो! आमचा होकार आहे! पुढच्याला देऊ नका! दुसरी कुठलीही विचारणा नाही हो आमच्याकडे, मी आपलं उगाच म्हटलं, मुलगी फार गुणी आहे, टॉवेलचं काही मनावर घेऊ नका. इतकं पडतं मी कुणापुढे घेतलं नव्हतं. शिंपीण मशीन थांबवून ऐकत होती.

बाई म्हणाली, आजी, तिने सोमवारीच संध्याकाळी कळवलंय. हॉस्टेलचंही झालंय.

मी म्हटलं, मग मी विचार करत होते त्याचं काय? बाई म्हणाली, ते आम्ही लिहून घेतलं नव्हतं.

१६ मे, संध्याकाळी

गुंडीला सगळं ठाऊक होतं. पेपर देऊन बाहेर आल्या आल्या तिने ईमेल बघितला. आई-बापाला सांगितलं. घरात सगळ्यांना माहीत, मला सोडून. मला माहीत होतं, हे सोडा.

मी तडकले. म्हटलं, मला का नाही सांगितलंस? म्हणाली, तू मला का नाही सांगितलंस? याला माझ्याकडे फार चांगलं उत्तर होतं. तेव्हा आठवलं नाही. मी अजून आठवतेय.

म्हणाली, रोज वाटायचं, आज सांगेल. आज तरी. तू सांगितल्याशिवाय बॅग भरायला मन घेत नव्हतं, नुसती उघडी ठेवली होती. मग विचारलं, होकार दिलास ना आज? मी म्हटलं, दिला. म्हणाली, कसा दिलास? मी म्हटलं, कसा म्हणजे, रुबाबात. शिंपिणीने आधीच सांगितलं होतं वाटतं, कारण पोरगी हसता हसता माझ्या मांडीवर आडवी झाली. उंट नुसता. पाय पलंगाबाहेर.

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हटलं, तेल लावत जा तिथे. म्हणाली, लावीन. लावणार नाही.

१० जुलै

उद्या निघणार. माझे निश्चय ठरलेत. स्टँडवर जायचं नाही. घरूनच निरोप द्यायचा, थोडक्यात, शोभेल असा. रडायचं नाही. सूचना करायच्या नाहीत, कारण सगळ्या करून झाल्यात.

११ जुलै

गेले स्टँडवर. चिरंजीवांना बॅग उचलता आली नसती म्हणून. ते रोज लिफ्टच्या मोटारी उचलतात, पण बॅगेचं वेगळं असतं.

बस लागायची होती तेव्हापासून आम्ही उभे. गुंडी म्हणाली, आजी, बस ना बाकावर. बसले नाही. बाकावरून बस दिसत नाही. ती चढताना बोलायचं म्हणून एक वाक्य तयार केलं होतं, चांगलं होतं, तेवढ्यात कंडक्टर म्हणाला, आजी, बाजूला व्हा, दार लावायचंय.

खिडक्यांना सगळीकडे काळ्या काचा. एका खिडकीआडून हात हलताना दिसला. मीही हात केला. बस मागे घेतली, वळवली, तरी मी हात करत होते, तिथूनही हात हलतच होता. मग चिरंजीव हळूच म्हणाले, आई, गुंडी पलीकडच्या बाजूला बसलीय.

म्हणजे हात हलवणारी ती कुठल्या तरी भलत्याच घरची मुलगी. पण शेवटपर्यंत हात हलवत होती हो. कोण, कुठली, काही विचारायचं राहून गेलं. एक मुलगा आहे माझ्या नजरेत.